करडानं खाल्लेल्या तीन कुंड्या

शेजारच्या वहिनींचं करडू जिना चढून आमच्या गच्चीवर आलं, तो रविवार होता. सोमवारी मी मेथी कापून वजनं घेणार होते. तीन कुंड्या त्यानं बुडख्यापर्यंत साफ केल्या. संध्याकाळी वहिनींनी तांब्याभर दूध आणून दिलं आणि दारातूनच म्हणाल्या, "दोन काड्या मेथीच्या तर होत्या ताई, उद्या बाजारातनं जुडी आणून देते." मी हसले. त्या दोन काड्या पुढे माझा दीड महिना खाणार होत्या, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा घरच्यांनी कौतुकही केलं आणि एकमेकांकडे बघितलंही. ही मेथी म्हणजे मुख्य प्रयोगाआधीची रंगीत तालीम. कुंड्या ३०. पाणी दोन तऱ्हांनी, रोज किंवा दिवसाआड. खत तीन तऱ्हांचं: काहीच नाही, शेणखत, गांडूळखत. म्हणजे सहा जोड्या आणि प्रत्येक जोडीच्या पाच कुंड्या. अठ्ठाविसाव्या दिवशी कापायचं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करायचं.

खतानं फरक पडतो का आणि पाण्यानं पडतो का, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासता आले असते. मला तिसरा हवा होता. गांडूळखत घातलं तर कमी पाणी चालून जातं का? एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे का, हे बघायचं तर दोन्ही घटक एकत्र घ्यावे लागतात. त्यासाठीच टू-वे अनोव्हा, म्हणजे गटागटांच्या सरासऱ्यांतला फरक दोन घटक एकत्र धरून तपासायची संख्याशास्त्रातली रीत. त्याला मराठीतही भारदस्त नाव आहे म्हणे, पण ते वापरणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

करडानं तीन कुंड्या खाल्ल्या, त्या तिन्ही 'दिवसाआड पाणी, गांडूळखत' या एकाच जोडीतल्या. आणखी एक कुंडी, 'रोज पाणी, खत नाही' यातली, गच्चीवरून खाली आणताना माझ्याच हातून निसटली. उरल्या २६.

पहिला प्रयत्न एक्सेलवर केला. त्यात 'डेटा ॲनालिसिस'खाली दोन घटकांचा अनोव्हा तयारच मिळतो. फक्त प्रत्येक जोडीत किती ओळी आहेत, हे एकच आकड्यात सांगायचं. माझ्या दोन जोड्यांत पाच ओळी नव्हत्याच. चार चौकोन रिकामे ठेवून बटण दाबलं, तर दिलेल्या भागात आकडा नसलेलं काहीतरी आहे असं म्हणून त्यानं हात वर केले. स्टाफरूममध्ये विषय काढला, तर दोन सल्ले मिळाले. एकजण म्हणाले, "शून्य टाका. खाल्ली म्हणजे वजन शून्यच की!" दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "त्या जोडीची सरासरी टाकून मोकळ्या व्हा, सगळे तेच करतात." शून्याचा सल्ला मलाही वेडगळ वाटला, पण सरासरीचा पटला होता. टाकणारच होते.

नशिबानं त्याच रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. बारावीला माझ्याकडे होता, आता पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. सरासरीचं ऐकून तो गप्पच झाला. मग म्हणाला, "मॅडम, सरासरी टाकली की ती कुंडी सरासरीपासून अजिबात ढळत नाही. न मोजलेल्या चार कुंड्या तुमच्या बाजूनं खोटी साक्ष देणार, की बघा, आम्ही सगळ्या कशा एकसारख्या आहोत. योगायोगानं पडणारा फरक उगाच बारीक दिसणार आणि कुंड्या ३० मोजल्या जाणार." मी विचारलं, मग काय करू? तर म्हणे, एक्सेल बंद करा, आर नावाचं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घ्या, आणि आधी तुमची मेथी बाजूला ठेवा. ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे अशा आकड्यांवर हात बसवा.

आर फुकट मिळतं आणि सोबत सरावाचे आकडे येतात. त्यातला 'टूथग्रोथ' नावाचा संच त्यानं उघडायला लावला. ६० गिनिपिग. आपल्यासारखंच गिनिपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. रोजची मात्रा ०.५, १ किंवा २ मिलिग्रॅम, आणि ती द्यायची एकतर संत्र्याच्या रसातून किंवा नुसत्या ॲस्कॉर्बिक ॲसिडमधून. मोजायची काय, तर दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी. दोन गुणिले तीन, माझ्या मेथीसारखीच मांडणी. फक्त इथे प्रत्येक जोडीत बरोबर दहा प्राणी. तिथे करडू शिरलं नव्हतं.

आज्ञा एका ओळीची. 'एओव्ही' लिहायचं आणि कंसात लांबी, मग नागमोडी रेघ, मग पद्धत गुणिले मात्रा. गुणाकाराची फुली घातली की दोन्ही घटक आणि त्यांची जोडी असं तिन्ही त्यात येतं. अधिकचं चिन्ह घातलं, तर जोडी गळते. एंटर दाबलं, तक्ता आला, शेजारी फरक ठळक असल्याचे तारे चमकले. मी खूश. फोटो काढून पाठवला.

त्याचं उत्तर: "मॅडम, मात्रा किती आहेत?"

"तीन."

"मग मात्रेच्या ओळीत डीएफ एक कशी?"

डीएफ म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम. तीन गट असतील तर दोन हवी, हे मला माहीत होतं. पण तारे दिसल्यावर त्या स्तंभाकडे कोण बघतं? झालं होतं असं, की मात्रेचा स्तंभ त्या संचात आकडा म्हणून ठेवलेला आहे. आकडा दिसला की आर त्यातून सरळ रेघ ओढतं, तीन वेगळे गट धरत नाही. ते गट आहेत हे 'फॅक्टर' असं लिहून आपण सांगायचं असतं. सांगितलं, आणि तक्ता बदलला. मात्रेची डीएफ २, उरलेल्याची ५६ ची ५४. जोडीचं एफ मूल्य ५.३३ होतं ते ४.११ झालं, पी मूल्य ०.०२२. (पी म्हणजे, खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या आत असेल, तर फरक सहसा मानतात.) दोन्ही तक्ते दिसायला सारखेच रुबाबदार. चूक झाल्याची एकही सूचना कुठे लाल अक्षरात आली नव्हती. कशी येईल? मी जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं बरोबरच दिलं होतं.

जोडीचा परिणाम म्हणजे काय, हे मला त्या गिनिपिगनी शिकवलं. ०.५ मिलिग्रॅमला संत्र्याच्या रसाची सरासरी १३.२३ आणि ॲसिडची ७.९८. एक मिलिग्रॅमला २२.७० आणि १६.७७. रस ठळकपणे पुढे. दोन मिलिग्रॅमला मात्र २६.०६ आणि २६.१४, म्हणजे भांडणच मिटलं. आता "रस चांगला की ॲसिड?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, "मात्रा किती?" असं उलट विचारावं लागतं. आलेखावर दोन रेघा काढल्या तर त्या समांतर जात नाहीत, उजव्या टोकाला येऊन एकमेकींना भिडतात. माझ्या मेथीच्या रेघा अशाच भिडाव्यात, असं मला मनातून फार वाटत होतं.

मग मेथी. वजनं एक्सेलमधून आरमध्ये आणली आणि शहाणपणानं आधी डीएफचा स्तंभ वाचला. खताची डीएफ तीन! खतं तीन, डीएफ दोन हवी. अर्धा तास डोकं खाजवल्यावर सापडलं. एका ठिकाणी 'शेण' लिहून मी पुढे चुकून स्पेसबार दाबला होता. आरच्या लेखी शेण वेगळं आणि शेणापुढची रिकामी जागा वेगळी. माझ्या नकळत चौथं खत जन्माला आलं होतं. ते पुसलं. पाण्याची एक, खताची दोन, जोडीची दोन, उरलेली २०. बेरीज २५, कुंड्या २६. जमलं.

निकाल असा: पाण्याचं एफ १२.१३, पी ०.००२. खताचं पी इतकं बारीक की शून्यच म्हणा. जोडीचं पी ०.८०, म्हणजे माझ्या रेघा भिडल्या नाहीत, जवळपास समांतरच गेल्या. थोडी हिरमुसले. पण पाणी तरी ठळक आलं होतं. मार्गदर्शक मॅडमना तसं कळवूनही टाकलं.

कळवल्यावर, केवळ तक्त्यात खत वर दिसावं म्हणून, आज्ञेत खत आधी आणि पाणी नंतर लिहिलं. पाण्याचं पी ०.०६ झालं.

मला वाटलं, आकडे बिघडले. पुन्हा चालवलं. पाणी आधी: ०.००२. खत आधी: ०.०६. तीच २६ वजनं. गिनिपिगवर उलटसुलट करून बघितलं, तर तिथे ढिम्म फरक नाही. रात्री साडेअकराला कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सगळ्या कुंड्यांची बेरीज ५९८ ग्रॅम, तिचा वर्ग भागिले २६, हा करेक्शन फॅक्टर १३,७५४. वजनांच्या वर्गांच्या बेरजेतून तो वजा केला, ७५८ आले. दोन्ही तक्त्यांचं एकूणही ७५८. हिशेब कुठेच चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यानं जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत मांडते, कारण त्याच्या शब्दांत मॅट्रिक्स होत्या. अनोव्हा ही वाटणी असते. वजनं एकमेकांपासून जेवढी पांगलेली आहेत, त्या पांगण्याची वाटणी. एवढं पाण्याच्या वाट्याला, एवढं खताच्या, एवढं दोघांच्या जोडीच्या, आणि ज्याला कोणी धनी नाही ते उरलेलं. सगळ्या जोड्यांत कुंड्या सारख्या असतील तर प्रत्येकाचा सातबारा वेगळा असतो, आधी कोणाचं नाव पुकारलं यानं काही बिघडत नाही. माझ्याकडे मात्र करडानं सामाईक तुकडा तयार करून ठेवला होता. रोज पाणी मिळालेल्या १४ कुंड्यांत गांडूळखताच्या पाच होत्या. दिवसाआडच्या १२ मध्ये त्या दोनच उरल्या, आणि खत नसलेल्या पाच. रोजच्या पाण्याची सरासरी २५ ग्रॅम, दिवसाआडची २०.७. या सव्वाचार ग्रॅमच्या फरकात पाणी किती आणि गांडूळखत किती? आर ज्याचं नाव आधी पुकारेल त्याला तो सामाईक तुकडा देऊन टाकतं. पाणी आधी लिहिलं तर त्याच्या पदरात १२१.३, नंतर लिहिलं तर ३९.५. मधला ८१.८ चा तुकडा कोणाचा, हे माझ्या कुंड्या सांगूच शकत नाहीत.

या वाटणीला टाइप वन म्हणतात, आणि आरची मूळ आज्ञा तीच करते. टाइप टूमध्ये दोघांनाही शेवटी बोलावतात, सामाईक तुकडा कोणालाच मिळत नाही. ओळींची बेरीज केली, तर ती ७५८ ला भरत नाही, नेमकी ८१.८ नं कमी पडते. हे बघून मला विलक्षण आनंद झाला. दीड महिन्यात झालेला पहिलाच.

आता टाइप थ्री. आमच्या संशोधन केंद्रातल्या एका सहकाऱ्यानं माझी वजनं एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, तर पाण्याचं पी ०.०९ आलं. एसपीएसएस न विचारता टाइप थ्री करतं. सहाही जोड्यांच्या सरासऱ्यांना टाइप थ्री सारखंच महत्त्व देतो, मग एकीत कुंड्या पाच असोत की दोन. मी म्हटलं, हेच आरमध्ये करून बघू. त्यासाठी 'कार' नावाचं पॅकेज लागतं. त्यात मोठ्या ए-चा अनोव्हा आहे, आरमध्ये आधीपासून छोट्या ए-चा आहे, आणि दोघे वेगवेगळं काम करतात! ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्याला मी एकदा अकरावीच्या वर्गावर पाठवीन. मोठा ए लिहिला, टाइप थ्री मागितलं, एंटर.

०.७१.

०.००२, ०.०६, ०.०९ आणि आता ०.७१. चार आकडे एकाखाली एक लिहून मी फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. त्याचा लगेच फोन. "मॅडम, कॉन्ट्रास्ट बदलले नाहीत ना?" टाइप थ्री मागायच्या आधी आरला सांगावं लागतं, की प्रत्येक गटाची तुलना सर्वसाधारण सरासरीशी कर. नाही सांगितलं तर ते पहिल्या गटाला पाया धरतं, आणि पहिला म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या क्रमात पहिला. मी खतांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. जी फॉर गांडूळ. त्यामुळे तो तक्ता पाण्याविषयी एवढंच सांगत होता, की गांडूळखताच्या कुंड्यांत, म्हणजे पाच विरुद्ध करडानं ठेवलेल्या दोन, फरक दिसत नाही. तेही खरंच होतं. कॉन्ट्रास्ट बदलले, ०.०९ आलं, एसपीएसएसशी जुळलं.

"यातला खरा कोणता?" मी विचारलं.

"चारही खरे आहेत. तुमचा प्रश्न कोणता?"

शिक्षक झाल्यापासून ही मुलं फारच शिक्षकांसारखी बोलायला लागतात.

माझा प्रश्न होता, खताचा फरक बाजूला काढल्यावर पाण्यानं फरक पडतो का. जोडीचा परिणाम दिसत नाही तेव्हा त्याला टाइप टू ठीक. म्हणजे ०.०६. "पडतो असं ठामपणे म्हणता येत नाही", असं मार्गदर्शक मॅडमना पुन्हा कळवावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त "मग आधी घाई का केलीत?" एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

उरलेले आकडे सरळ रेषेवर बसतात का, गटागटांतली पांगापांग सारखी आहे का, या तपासण्याही केल्या. त्यात गडबड निघाली नाही, म्हणून त्यांच्याविषयी सांगण्यासारखंही काही नाही.

गंमत म्हणजे या साऱ्या शास्त्राचा उगम शेतातच आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ साली रुजू झाले. १९२३ साली त्यांनी मॅकेन्झी यांच्याबरोबर बटाट्याच्या वाणांवर आणि खतांवर लेख लिहिला. वेगवेगळे वाण एकाच खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात का, हाच त्यातला प्रश्न, माझ्या पाणी-खताचाच मोठा भाऊ. गटांतली संख्या असमान झाली तर काय करायचं, यावर तिथल्याच येट्स यांनी १९३४ साली लिहून ठेवलं आहे. आणि आपल्याकडे शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रात ज्यांचं नाव पानसे यांच्या जोडीनं घेतात, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे तर आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. हे वाचल्यावर मला उगाचच धीर आला.

फोन ठेवायच्या आधी माझ्या विद्यार्थ्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "मॅडम, कुंड्या रांगेनं ठेवल्या होत्या का?"

होय. रांगेनं. पाणी घालताना घोटाळा नको म्हणून सहा जोड्यांच्या सहा रांगा, प्रत्येकीला रंगीत फीत. दिवसाआड-गांडूळखताची रांग जिन्याच्या तोंडाशी होती. जो वर येईल त्याला आधी तीच भेटणार. कुंड्या चिठ्ठ्या टाकून गच्चीभर विखरून ठेवल्या असत्या, तर करडानं बहुधा वेगवेगळ्या जोड्यांतल्या कुंड्या खाल्ल्या असत्या आणि माझा सामाईक तुकडा बहुधा इतका मोठा झाला नसता. शिवाय जिन्याकडे दुपारी पाण्याच्या टाकीची सावली येते. म्हणजे त्या रांगेत पाणी, खत आणि सावली तिन्ही एकत्र नांदत होतं, आणि ते वेगळं करायला टाइप वन, टू, थ्री कोणीच येणार नव्हतं. वर्गात मी दरवर्षी हे शिकवते. बोर्डावर 'यादृच्छिक मांडणी' असं ठळक लिहिते, खाली दुहेरी रेघ ओढते.

आणखी एक गोष्ट त्यानं विचारली, तिचं उत्तर माझ्याकडे नाही. करडानं ती रांग जवळ होती म्हणून खाल्ली, की तिथली मेथी जास्त लुसलुशीत होती म्हणून? दुसरं असेल, तर उरलेल्या दोन कुंड्या म्हणजे करडानं नापसंत केलेल्या दोन कुंड्या, आणि त्यांची सरासरी कशाचीच सरासरी नाही. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला काय, ते दोरी पण खातंय."

या रविवारी पुन्हा पेरणी केली. ३० कुंड्या, ३० जागा खडूनं आखल्या, ३० चिठ्ठ्या पातेल्यात. जागांचे नंबर जिन्यापासून सुरू. धाकट्या लेकीनं चिठ्ठी काढायची आणि मी कुंडी उचलून त्या जागेवर नेऊन ठेवायची. तिनं डोळे मिटून पहिली चिठ्ठी काढली, उलगडली आणि मोठ्यानं वाचली, "दिवसाआड, गांडूळखत."

मी कुंडी उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली. करडू आता चांगलं मोठं झालंय.